कोचचा हिशेब वेगळा, जनरल मॅनेजरचा वेगळा

बॉस्टन ब्रुइन्सने १९ नोव्हेंबर २०२४ला मुख्य कोच जिम माँटगोमेरीला काढलं आणि चाहत्यांमध्ये दोन तट पडले. एकांचं म्हणणं, हे व्हायलाच हवं होतं. दुसऱ्यांचं म्हणणं, चोर सोडून संन्याशाला फाशी दिली; जायला हवा होता तो जनरल मॅनेजर डॉन स्वीनी. दोन्हीकडे मुद्दे होते. घोळ असा की दोन वेगळ्या कामांचा जमाखर्च बहुतेक जण एकाच वहीत मांडत होते. टीम हरली म्हणून कोच वाईट, टीम जिंकली म्हणून मॅनेजर हुशार, असा तो सोपा मामला नाही.

इथे हॉकी म्हणजे बर्फावरची, अमेरिका-कॅनडातल्या एनएचएलची. आपल्याकडच्या टर्फवरच्या हॉकीत असा जनरल मॅनेजर नसतो, म्हणून आयपीएलच्या भाषेत सांगतो. लिलावाच्या टेबलावर पॅडल वर करणारा एक माणूस धरा. त्याच्या पर्समध्ये ठरलेलीच रक्कम आहे, आणि त्याने घेतलेला खेळाडू पुढची सात-आठ वर्षं गळ्यात राहणार आहे. हा झाला जनरल मॅनेजर. सामन्याच्या दिवशी त्याच खेळाडूंतून टीम उतरवणारा तो कोच. फरक एवढाच की एनएचएलमध्ये कोचला नेमणं आणि काढणं हेही त्या पॅडलवाल्याच्याच हातात असतं.

कोचचं काम त्या रात्रीचं असतं. १८ खेळाडू आणि २ गोलकीपर सामन्यासाठी सज्ज होतात. कोणाच्या जोडीला कोण, कोणाला बर्फावर किती मिनिटं, पॉवर प्लेला (समोरचा खेळाडू शिक्षा म्हणून बाहेर बसलेला असताना) कोण, गोलमध्ये कोण, हे कोच ठरवतो. घरच्या मैदानावर खेळ थांबला की शेवटचा बदल करायचा हक्क यजमान कोचचा, म्हणजे समोर कोण उभं आहे ते पाहून तो आपली माणसं पाठवू शकतो. चांगला कोच एवढ्याशा हक्कातून सामना फिरवतो. मात्र बेंचवर जे बसलेत त्यांतूनच निवड करायची. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

माँटगोमेरीची एक चूक मी बिनदिक्कत त्याच्याच खात्यावर टाकतो, ती २०२३च्या प्लेऑफमधली. त्या मोसमात ब्रुइन्सने ६५ विजय आणि १३५ गुणांचा लीगचा विक्रम केला होता. लिनस उलमार्क आणि जेरेमी स्वेमन हे दोन गोलकीपर आलटून-पालटून खेळले आणि दोघंही तुफान खेळले. उलमार्कने ४० सामने जिंकले, मोसमाचा सर्वोत्तम गोलकीपर म्हणून वेझिना ट्रॉफीही घेतली. मग पहिल्याच फेरीत फ्लोरिडाविरुद्ध हे वर्षभराचं गणित माँटगोमेरीने गुंडाळून ठेवलं. चार सामने आधी जिंकेल त्याची मालिका, आणि त्यात ३-१ अशी आघाडी होती. पाचव्या सामन्याच्या जादा वेळेत उलमार्कने गोलच्या मागे पक (चेंडूऐवजी वापरतात ती चपटी चकती) हाताळताना घोटाळा केला, मॅथ्यू कचकने गोल केला. सहाव्यालाही उलमार्कच, आणि टीमने सात गोल खाल्ले. वर्षभर निम्मा भार उचललेला स्वेमन थेट सातव्या सामन्यात उतरला. त्या सामन्यात शेवटचा मिनिट उरला असताना फ्लोरिडाने बरोबरी साधली आणि जादा वेळेत मालिका नेली. हे दोन्ही गोलकीपर मिळवून देणं स्वीनीचं काम होतं, ते त्याने चोख केलं होतं. कधी कोणाला उतरवायचं हे कोचचं काम होतं.

म्हणजे कोचला पैकीच्या पैकी गुण द्यायचे असं माझं म्हणणं नाही. जे दिलं होतं त्यातून त्याने काय काढलं, एवढं त्याच्यापुरतं तपासायचं.

जनरल मॅनेजरच्या कामाला वेळेचं वेगळंच माप लागतं. ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, अठरा वर्षांचा पोरगा निवडायचा, तो टीममध्ये रुळायला चार-पाच वर्षं. १ जुलैला मोकळ्या (करार संपलेल्या) खेळाडूंचा बाजार उघडला की काही तासांत कोट्यवधींचे करार. आणि सगळं सॅलरी कॅपच्या, म्हणजे खेळाडूंच्या एकूण पगारावरच्या मर्यादेच्या, आत. २०२४-२५च्या मोसमात ती मर्यादा ८ कोटी ८० लाख डॉलर होती.

२०२४च्या उन्हाळ्यात स्वीनीने काय केलं ते पाहा. जूनमध्ये उलमार्कला ऑटावाला दिलं; बदल्यात गोलकीपर युनास कॉर्पिसालो, मार्क कॅस्टेलिक आणि पहिल्या फेरीचा एक ड्राफ्ट हक्क घेतला. १ जुलैला एलियास लिंडहोमला सात वर्षांसाठी वर्षाला ७७ लाख ५० हजार डॉलर, निकिता झॅडोरोव्हला सहा वर्षांसाठी वर्षाला ५० लाख. उलमार्क गेल्यामुळे सगळी मदार स्वेमनवर आली, आणि स्वेमनचा करारच झालेला नव्हता. म्हणजे पर्याय विकून झाल्यावर घासाघीस सुरू झाली. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातली सर्वांत मोठी चूक हीच. स्वेमन अख्ख्या सराव शिबिराला आला नाही. सप्टेंबरच्या शेवटी क्लबचे अध्यक्ष कॅम नीली यांनी पत्रकारांसमोर ६ कोटी ४० लाखांचा आकडा बोलून दाखवला, आणि असा प्रस्ताव आलाच नव्हता असं खेळाडूच्या एजंटने जाहीर केलं. शेवटी ६ ऑक्टोबरला, मोसम सुरू व्हायला दोन दिवस असताना, आठ वर्षांचा ६ कोटी ६० लाखांचा करार झाला. पहिल्या सामन्यात गोलमध्ये कॉर्पिसालो होता आणि ब्रुइन्स ६-४ हरले. स्वेमनची लय त्या मोसमात परत आलीच नाही. त्याने अडवलेल्या शॉट्सचं प्रमाण ८९.२ टक्क्यांवर राहिलं. एवढे पैसे घेणाऱ्या गोलकीपरकडून ९० च्या बऱ्यापैकी वर अपेक्षा असते.

नीलींचं नाव आलंच आहे तर हेही सांगून टाकतो. बऱ्याच क्लबांत जनरल मॅनेजरच्या डोक्यावर आणखी एक अध्यक्ष असतो, त्यामुळे ‘स्वीनीचा निर्णय’ म्हणतो तो दर वेळी एकट्या स्वीनीचा असेलच असं नाही.

आता नोव्हेंबरमधली स्थिती. २० सामन्यांत ८-९-३. यातला पहिला आकडा विजय, दुसरा पराभव, तिसरा जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये हरलेले सामने, ज्यांचा एक गुण तरी मिळतो. आदल्या रात्री कोलंबसने घरच्या मैदानावर ५-१ने झोडपलं होतं. याची फोड केली तर दोघांच्या वाट्याला काही ना काही येतं. पॉवर प्ले लीगच्या तळाला होता. डेव्हिड पास्टर्नाकसारखा नेमबाज हाताशी असताना हे होतं, तेव्हा खापर बऱ्याच अंशी कोचवर फुटणारच. मधल्या फळीत मात्र पॅट्रिस बर्जरॉन आणि डेव्हिड क्रेची २०२३मध्ये निवृत्त झाल्यापासून खड्डा होता. तो लिंडहोमने भरेल ही अटकळ मॅनेजरची. गोलकीपर सरावाविना उतरला, तेही मॅनेजरच्याच दालनातून आलेलं.

मग गेला फक्त कोच, तो का? कारण कोचचा पगार सॅलरी कॅपमध्ये धरला जात नाही. खेळाडूचा करार हमीचा असतो. तो फोडायचा तर ठरलेल्या रकमेचा मोठा हिस्सा वर्षानुवर्षं कॅपमध्ये मोजला जातो. विकायचा तर घेणारा लागतो, आणि करार फसलेला आहे हे घेणाऱ्यालाही दिसत असतं. कोचला काढायला मालकाने उरलेला पगार सोसला की झालं. माँटगोमेरीचं तर कराराचं शेवटचंच वर्ष होतं. टीममध्ये बदल केल्याचं दाखवायचा सगळ्यांत स्वस्त उपाय तोच.

हे नीट कळायला एडमंटनचं प्रकरण जास्त उपयोगी. एडमंटन ऑइलर्सने १२ नोव्हेंबर २०२३ला कोच जे वुडक्रॉफ्टला काढलं तेव्हा टीम ३-९-१ होती, तळातल्या सॅन होजेकडूनही नुकतीच हरली होती. गोलच्या संधी निर्माण करण्यात टीम मागे नव्हती. समोरच्यांचे शॉट मात्र अडवले जात नव्हते. गोलकीपर जॅक कॅम्पबेलला मॅनेजर केन हॉलंडने २०२२मध्ये पाच वर्षांसाठी अडीच कोटी डॉलर दिले होते. वुडक्रॉफ्ट जायच्या काही दिवस आधी कॅम्पबेलला खालच्या लीगमधल्या बेकर्सफील्डला धाडलं. तरी त्याच्या वर्षाच्या ५० लाखांपैकी साडेअडतीस लाख एडमंटनच्या कॅपवर बसूनच राहिले, कारण खालच्या लीगमध्ये पाठवलं तरी नियमाप्रमाणे त्या मोसमात साडेअकरा लाखांचीच सूट मिळत होती. पुढच्या उन्हाळ्यात करार फोडला, तर त्याचे हप्ते सहा वर्षं चालणार. तोवर हॉलंड क्लब सोडून गेलेला होता.

नव्या कोचने, क्रिस नॉब्लॉकने, तीच टीम घेऊन सलग १६ सामने जिंकले. पुढे स्टॅनली कपच्या, म्हणजे एनएचएलच्या विजेतेपदाच्या, अंतिम मालिकेत ०-३वरून ३-३ केलं आणि सातवा सामना २-१ने गमावला. तेव्हा वुडक्रॉफ्टला काढणं बरोबर ठरलं म्हणायचं का? निकाल पाहून हो म्हणावंसं वाटतं. पण दुसरा गोलकीपर स्टुअर्ट स्किनर त्याच सुमारास सावरला. तो जुन्या कोचच्या हाताखालीही सावरला असता की नाही हे सिद्ध करायला कोणताच आकडा नाही. शिवाय कॉनर मॅकडेव्हिड आणि लिऑन ड्रायसायटल हे दोघंही हॉलंड येण्याआधीच टीममध्ये होते. मॅनेजरच्या ‘रेकॉर्ड’मध्ये वारशाने आलेलं किती आणि स्वतःचं किती, हे वेगळं काढल्याशिवाय तो रेकॉर्ड वाचताच येत नाही.

तसंच स्वीनीचं. तो मे २०१५मध्ये आला. बर्जरॉन, क्रेची, मार्शंड, पास्टर्नाक हे सगळे त्याच्या आधीचे. आल्या आल्या त्याच्या हाती ड्राफ्टमधले लागोपाठ तीन हक्क होते, १३, १४ आणि १५वा. त्याने झ्बोरिल, डेब्रस्क आणि सेनिशिन घेतले. लगेच पुढच्या तीन क्रमांकांवर इतरांनी मॅथ्यू बार्झल, काइल कॉनर आणि थॉमस शाबॉ उचलले. बॉस्टन परिसरातल्या कुठल्याही हॉकीवेड्याला, मराठी असो की आयरिश, ही सहा नावं झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येतील. तरी न्यायाने बोलायचं तर चार्ली मॅकअव्हॉय १४व्या क्रमांकावर आणि स्वेमन चौथ्या फेरीत त्यानेच शोधला, उलमार्कला बाजारातून त्यानेच आणलं. १३५ गुणांच्या टीमची बांधणी त्याची होती. २०१५च्या त्या एका दिवसावरून माणसाला दहा वर्षं झोडपणं मला पटत नाही.

मला त्याच्या खात्यात जास्त खुपते ती दुसरीच रांग. स्वीनीने तीन मुख्य कोच काढले. क्लॉड ज्युलियन, ७ फेब्रुवारी २०१७: सातव्या दिवशी मॉन्ट्रियलने नेमला. ब्रूस कॅसिडी, ६ जून २०२२: आठव्या दिवशी व्हेगासने. माँटगोमेरी: पाचव्या दिवशी सेंट लुईसने, त्यासाठी त्यांनी आपला कोच ड्रू बॅनिस्टरलाही काढलं. हा माणूस चालत नाही असं एका मॅनेजरने ठरवलं आणि आठवड्याभरात दुसऱ्याने नेमकं उलटं ठरवलं, तेही तीनदा.

ज्युलियनला काढणं फळलं. कॅसिडी आल्यावर टीम सावरली आणि २०१९मध्ये स्टॅनली कपच्या अंतिम मालिकेत सातव्या सामन्यापर्यंत गेली. कॅसिडीच्या बाबतीत दोन्ही बाजूंना पुरावा सापडतो, म्हणून वाद मिटत नाही. तो गेल्यावर पहिल्याच मोसमात ब्रुइन्सने विक्रम केला, आणि त्याच मोसमात कॅसिडीने व्हेगासला कप जिंकून दिला. माँटगोमेरीचं उत्तर जास्त बोलकं आहे. सेंट लुईसने त्याच्या हाताखाली त्याच मोसमात सलग १२ सामने जिंकून प्लेऑफ गाठलं, आणि विनिपेगविरुद्ध सातवा सामना दुसऱ्या जादा वेळेत गमावला. ब्रुइन्सने जो साको या हंगामी कोचसोबत मोसम काढला, मार्चमध्ये कप्तान ब्रॅड मार्शंडला फ्लोरिडाला देऊन टाकलं आणि प्लेऑफच्या बाहेर राहिले. मार्शंडने जूनमध्ये फ्लोरिडासोबत कप उचलला.

या रांगेमुळे माझं मत असं बनलंय की कोचची हकालपट्टी मुळात मॅनेजरच्या खात्यात लिहायची नोंद आहे. कोचला कधी काढलं, काढून कोणाला आणलं, तो गेल्यावर काय झालं, हे सगळं मॅनेजरने घेतलेल्या इतर कुठल्याही खेळाडू-व्यवहारासारखंच तपासावं. माँटगोमेरीच्या पॉवर प्लेवर टीका करा, २०२३च्या गोलकीपरबद्दल तर जरूर करा. नोव्हेंबर २०२४चा व्यवहार मात्र स्वीनीचा आहे, आणि त्यात बॉस्टनच्या पदरी काय पडलं ते शोधावं लागतं.

जून २०२५मध्ये ब्रुइन्सने मार्को स्टर्मला कोच नेमलं. त्याला जोखायला पॉवर प्ले, मिनिटांची वाटणी आणि गोलकीपरची अदलाबदल एवढं एक-दोन मोसम पुरे. लिंडहोमचा करार २०३०-३१पर्यंत चालेल, त्याचा निकाल लावायला स्टर्मकडे काहीही अधिकार नाही.