९९ टक्के जुळलं म्हणजे ९९ टक्के खात्री नव्हे

चतुर हा कीटक पंख पसरून बसतो, त्याच्या नात्यातली टाचणी बहुतेक वेळा मिटून. चतुराचे डोळे मोठे, टाचणीचे एकमेकांपासून लांब. हे तुम्हाला पाठ असणार, पुढे जाऊ. खरा घोळ होतो तो डीएनए बारकोडिंगचा, म्हणजे जनुकाच्या तुकड्यावरून प्रजाती ओळखण्याच्या चाचणीचा, अहवाल हातात पडल्यावर. ‘९९.७ टक्के’ दिसलं, की लोक प्रजातीचं नाव लिहून मोकळे!

तो आकडा साम्याचा आहे, खात्रीचा नाही. मायटोकाँड्रियातल्या (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागातल्या) सीओआय नावाच्या जनुकाचा साधारण ६५८ डीएनए-अक्षरांचा तुकडा वाचायचा आणि आधी ओळखलेल्या नमुन्यांच्या संग्रहातल्या नोंदींशी ताडून बघायचा, ही २००३ साली पॉल हेबर्ट आणि सहकाऱ्यांनी मांडलेली पद्धत. तुमचा तुकडा कुठल्या नोंदीच्या सर्वांत जवळचा, एवढंच त्यातून कळतं. त्या नोंदीला नाव कुणी दिलं, कशावरून दिलं, यावर आकडा गप्प असतो. मूळ नमुनाच चुकीचा ओळखला असेल, तर शंभर टक्के जुळूनही नाव चुकीचंच. तुमची प्रजाती संग्रहात नसेल, तर तिच्या भावकीतलं कुणीतरी पुढे येतं.

आणि नोंदी बिनचूक असल्या तरी? युरोपातल्या कोएनाग्रिऑन प्युएला आणि कोएनाग्रिऑन पल्केलम या निळ्या टाचण्यांचं सीओआय इतकं सारखं, की बारकोडला त्या वेगळ्या काढता येत नाहीत. नराच्या पोटाचा दुसरा खंड पाहिला तर येतात: प्युएलाची काळी, घोड्याच्या नालेच्या आकाराची खूण सुटी असते, पल्केलमच्या खुणेला सहसा देठ असतो आणि तो मागच्या काळ्या पट्ट्याला टेकतो.

शिवाय मायटोकाँड्रिया आईकडून येतो. स्पेनमध्ये इश्नुरा एलेगन्स आणि इश्नुरा ग्रेल्सी या टाचण्यांचा संकर होतो. त्यातून झालेल्या पिल्लाचा बारकोड फक्त आईचं घराणं सांगतो.

उलट टोकाचा उतावळेपणा तर मला अजिबात खपत नाही: कुठेच जुळलं नाही, म्हणून ‘नवी प्रजाती’. अहो, संग्रहात नोंद नसेल, किंवा मायटोकाँड्रियाऐवजी पेशीच्या केंद्रकातली त्या जनुकाची निकामी प्रत वाचली गेली असेल.

पाण्यातली अळी, टाकलेली कात, तुटका पाय यांना नाव द्यायचं असेल, तर बारकोडिंग जरूर करा. तिथे ते फार उपयोगी पडतं. प्रौढ नर हातात असताना मात्र आधी पोटाच्या टोकाचे चिमटे भिंगाखाली बघा. आणि अहवालावर नाव लिहिण्यापूर्वी जुळलेल्या नोंदीचा नमुना कुठे ठेवलाय, त्याचा फोटो आहे का, हे तपासा. दोन्ही नसेल, तर प्रजातीपर्यंत न जाता वंशाच्या (जीनसच्या) नावावर थांबा.