‘टाटाला नेलंय’

आमच्या करमाळ्याकडे ‘कॅन्सर झालाय’ असं सहसा कुणी म्हणत नाही. ‘टाटाला नेलंय’ म्हणतात. ऐकणारा चुकचुकतो, आवाज उतरवून ‘कशाचा?’ एवढंच विचारतो, आणि उत्तर येतं, ‘पिशवीचा’, ‘घशाचा’, ‘गालाचा’. विशेषण सांगायचं आणि नाम गाळायचं, असं हे अजब व्याकरण आहे. मी डॉक्टर नाही. १९८६ साली आत्याच्या आजारपणात पिशव्या उचलायला आणि रांगेत उभं राहायला कुणीतरी पोरगं हवं होतं, ते मी होतो. तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे: एका दवाखान्याचं नाव रोगाचं नाव कसं झालं, आणि रोगाचं खरं नाव कुठं गेलं?

नाव नव्हतं असं मुळीच नाही. सुश्रुतसंहितेत ‘अर्बुद’ आहे. गोल, घट्ट बसलेली, खोल मुळाची, थोडीच दुखणारी, सावकाश वाढणारी आणि मुख्य म्हणजे न पिकणारी गाठ. गळू पिकतं, फुटतं, मोकळं होतं. ही पिकत नाही. हा फरक खेड्यातल्या म्हातारीलाही कळतो. एका अर्बुदावर पुन्हा दुसरं उठलं तर त्याला ‘अध्यर्बुद’ म्हटलंय आणि ते असाध्य सांगितलंय. तिकडे ग्रीकांना गाठीभोवती पसरलेल्या शिरा खेकड्याच्या पायांसारख्या दिसल्या, म्हणून ‘कार्किनोस’. लॅटिनमध्ये खेकड्याला ‘कॅन्सर’. आपल्या राशीतला कर्क तोच. त्यावरून ‘कर्करोग’ हा शब्द घडवला गेला. वर्तमानपत्राला आणि पाठ्यपुस्तकाला तो चालला, पण स्वयंपाकघरात कधी आला नाही. आमच्या घरात तो शब्द मी एकदाही ऐकला नाही.

भीतीची परंपरा मात्र दुसऱ्याच रोगांकडून आली असावी असं मला वाटतं. मराठीत कुष्ठाला ‘महारोग’ म्हणत. बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये काढलेल्या संस्थेचं नावही ‘महारोगी सेवा समिती’. क्षय झालेल्याचं ताट वेगळं असे. त्याआधी १८९६ ला मुंबईत आणि मागोमाग पुण्यात प्लेग आला. घराघरांत शिरून गोरे शिपाई आजारी माणूस शोधू लागले, तेव्हा लोकांनी रुग्ण माळ्यावर, धान्याच्या कणगीमागे लपवले. सापडला तर तो छावणीत जाणार आणि घरातलं सामान जळणार. रोग लपवणं हा तेव्हा भित्रेपणा नव्हता, शहाणपण होतं. प्लेग गेला, पण लपवण्याची सवय तशीच राहिली, आणि पुढे न लागणाऱ्या रोगालाही तीच वागणूक मिळाली. आत्याचा पेला-ताट वेगळं कुणी काढलं ते मला आठवत नाही. ते आपोआप निघालं होतं. कॅन्सर उष्ट्यातून लागत नाही हे सांगायला त्या घरात कुणी नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी ताट परत मिसळलं असतं असं वाटत नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वैद्यकातल्या बऱ्याच लोकांचा समज होता की हिंदुस्थानात कॅन्सर फारसा नाही, तो सुधारलेल्या देशांचा रोग आहे. नाथ आणि ग्रेवाल या दोघांनी १९३० च्या दशकात दवाखान्यांतल्या नोंदी चाळून दाखवलं की रोग भरपूर आहे. माणसं दवाखान्यापर्यंत पोचत नाहीत, किंवा हा रोग होण्याच्या चाळिशी-पन्नाशीपर्यंत जगतच नाहीत. याच सुमारास मुंबईतल्या एका श्रीमंत घरात हा रोग शिरला होता. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ मध्ये वेल्सला रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. वर्षभरात दोराबजीही गेले. त्यांचा ‘ज्युबिली’ नावाचा प्रचंड हिरा विकून आलेला पैसा ट्रस्टकडे गेला, आणि त्याच ट्रस्टने परळला दवाखाना उभा केला. २८ फेब्रुवारी १९४१ ला मुंबईचे गव्हर्नर रॉजर लम्ली यांनी त्याचं उद्घाटन केलं. खाटा ८०. चहूबाजूंनी गिरण्यांचे भोंगे, चाळी, केईएम. पुढे १९५७ ला केंद्राच्या आरोग्य खात्याने तो ताब्यात घेतला आणि १९६२ ला तो अणुऊर्जा खात्याकडे गेला. कॅन्सरचा दवाखाना अणुऊर्जेकडे कसा, असं पुष्कळांना वाटतं. किरणोत्सारी उपचार हे त्याचं उत्तर; होमी भाभांचा शब्द त्यामागे होता.

त्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत डॉ. वसंत खानोलकर बसत, त्यांच्याबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी बघणारा हा माणूस पेशंटचं कमरेचं नेसणंही बघत होता. १९४५ मध्ये त्यांनी आणि डॉ. सूर्याबाई यांनी एक निबंध लिहिला: चालीरीती आणि कॅन्सर यांचा संबंध. त्यात ‘धोतराचा कॅन्सर’ आहे. वर्षानुवर्षं कमरेला एकाच जागी घट्ट कासलेलं धोतर, तिथे घासून पडलेला चट्टा, चट्ट्याची जखम आणि जखमेचा कॅन्सर. यात गंमत वाटण्यासारखं काही नाही, कारण तोच धागा २०२४ पर्यंत येतो. त्या वर्षी वर्ध्याच्या आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी साडी आणि परकराच्या नाडीच्या अशाच दोन केसेस प्रसिद्ध केल्या, दोन्ही बाया साठी ओलांडलेल्या. एकीने चाळीस वर्षं लुगडं नेसलेलं. सल्ला काय, तर गाठ सैल बांधा. ऐंशी वर्षं हाताशी असलेली ही गोष्ट आपल्या आयाबायांना कुणी सांगितली नाही. मला वाटतं कमर हा बोलायचा विषय नव्हता म्हणून.

खानोलकरांच्या हाताखाली तयार झालेल्या पुण्याच्या कमल रणदिवे यांनी पुढे भारतातली पहिली ऊतीसंवर्धन (शरीराबाहेर पेशी वाढवण्याची) प्रयोगशाळा उभी केली. डॉ. अर्नेस्ट बोर्जिस या मूळच्या गोमंतकीय शल्यविशारदाचं नाव परळच्या रस्त्याला आहे. रस्त्यावर झोपलेल्या नातेवाइकांना तो माणूस कोण हे माहीत नसतं, पण पत्ता म्हणून नाव पाठ असतं.

आत्याचं पाहा. ती मशेरी लावायची. तव्यावर तंबाखू करपेपर्यंत भाजायची, पाट्यावर कुटायची आणि वस्त्रगाळ करून पितळी डबीत भरायची. सकाळी दात घासायला म्हणून सुरू झालेली मशेरी दुपारी, संध्याकाळी, जेवल्यावर, कधी नुसती तंद्री लागावी म्हणून. भाजण्याचा तो ठसका घरभर व्हायचा आणि आम्हा पोरांना तो वास आवडायचा. गालाच्या आत पांढरा चट्टा आला, तेव्हा ‘तोंड आलंय’ म्हणून हळद-मध लावलं. मग तुरटीच्या गुळण्या. मग दात ढिले झाले तर गावातल्या माणसाने दाढ काढली. पुढे तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडेना. एवढ्यात आठ महिने गेले. गाठीला चाकू लावला की ती पसरते, हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून तुकडा काढून तपासायला कुणी तयार नव्हतं. उशिरा गेलेला पेशंट मरतो, आणि मेला की लोक म्हणतात, ‘चाकू लावला म्हणून गेला.’ हा समज असा स्वतःच स्वतःचा पुरावा तयार करतो.

शेवटी जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका डॉक्टरांनी वडिलांना बाहेर बोलावून सांगितलं. आत्या आत बाकावर बसली होती. वडील आत आले आणि म्हणाले, ‘अक्का, दाढेत पू झालाय, मुंबईला जावं लागंल.’ ती बरं म्हणाली.

हे सांगणं-न सांगणं आपल्याकडचंच खास, असं पूर्वी मला वाटायचं. ते खरं नाही. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या शिकागोच्या एका रुग्णालयात डॉक्टरांना विचारलं, तेव्हा ९० टक्के म्हणाले, आम्ही पेशंटला सहसा सांगत नाही. १९७९ मध्ये तोच प्रश्न पुन्हा विचारला, तर ९७ टक्के म्हणाले, सांगतो. अठरा वर्षांत काटा पूर्ण उलटा फिरला. औषधं सुधारली हे त्याचं एक कारण. सांगण्यासारखं काहीतरी हातात आलं. आपल्याकडे आजही नातेवाईक डॉक्टरांच्या दाराशी आधी गाठून म्हणतात, ‘त्यांना काही बोलू नका हं.’ त्यात फसवण्यापेक्षा माया जास्त असते हे मी नाकारत नाही. पण त्या मायेने आत्याला तिच्या स्वतःच्या आजाराबद्दल एकही प्रश्न विचारू दिला नाही.

बोलण्याने काय होतं याचा सगळ्यात चांगला दाखला, गंमत म्हणजे, मोजदादीतून मिळाला. १९५१ मध्ये डॉ. जस्सावाला आणि नवल टाटा यांनी इंडियन कॅन्सर सोसायटी स्थापन केली, आणि १९६३ मध्ये मुंबईत देशातली पहिली लोकसंख्येवर आधारलेली कॅन्सर नोंदणी सुरू झाली. शहरात हे जमतं. दवाखान्यांचे कागद गोळा करायचे आणि मोजायचं. खेड्यातला माणूस दवाखान्यात आलाच नाही तर तो कागदावर कसा येणार? १९८७ मध्ये बार्शीत देशातली पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाली: बार्शी, परंडा आणि भूम या तीन तालुक्यांतली गावं. इथे कागदाची वाट बघून चालणार नव्हतं. कार्यकर्ते गावात जायचे, बैठक घ्यायचे, लक्षणं सांगायचे. अंगावरून पांढरं-तांबडं जाणं, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणं, न भरणारी तोंडातली जखम. मग विचारायचं, असं कुणाला आहे का? काम मोजण्याचं होतं, उपचाराचं नव्हतं. पण १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की या गावांतल्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बाया आता लवकरच्या टप्प्यावर दवाखान्यात येऊ लागल्यात. ना नवं यंत्र, ना नवं औषध. पारावर कुणीतरी शब्द उच्चारला होता एवढंच. मला या सगळ्या इतिहासात ही एक गोष्ट हिऱ्याहून मोठी वाटते.

बार्शीतूनच मग शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायांवर मोठी चाचणी झाली. २००९ मध्ये निष्कर्ष आले: आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही, म्हणजे हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूच्या, तपासणीने या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे झाले. तपासणी झालेल्या गटात ३४ मृत्यू, न झालेल्या गटात ६४. या दुसऱ्या आकड्यापाशी मात्र मी अडखळतो. तुलनेसाठी म्हणून काही गावांतल्या बायांची तपासणी केलीच नव्हती. तेव्हाची नेहमीची आरोग्यसेवा एवढीच होती, हा शास्त्रज्ञांचा बचाव. त्यावर पुढे बराच वादही झाला. बचाव मला समजतो, पचत नाही. आता पुण्याच्या सीरमची ‘सर्व्हावॅक’ लस आहे, २०२३ च्या सुरुवातीला ती बाजारात आली. पण हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, तेव्हा नववी-दहावीच्या मुलीला लस कशाची हे सांगताना आईबाप पुन्हा त्याच जुन्या व्याकरणाकडे वळतात.

पैशाच्या बाबतीत आपण कंजूष नाही. गाडगे महाराज मिशनच्या दादरच्या धर्मशाळेत, परळच्या नाना पालकर स्मृती समितीत बाहेरगावचे पेशंट महिनोन्‌महिने राहतात. टाटाबाहेरच्या फुटपाथवर सकाळी कुणीतरी गाडी थांबवून फळं, बिस्किटं, जेवण वाटत असतं. प्रश्न शेजाराचा आला की गडबड होते. २०२१ मध्ये म्हाडाचे १०० गाळे टाटाच्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी द्यायचं ठरलं, लालबाग-करीरोडच्या सुखकर्ता आणि विघ्नहर्ता या इमारतींत. किल्ल्या दिल्या गेल्या. रहिवाशांनी हरकत घेतली, स्थानिक आमदारांनी ती मुख्यमंत्र्यांकडे नेली, जूनमध्ये स्थगिती आली, आणि मग बॉम्बे डाइंगच्या आवारातली दुसरी जागा ठरली. रहिवाशांच्या अडचणी खोट्या होत्या असं मी म्हणणार नाही. इमारतीत सतत बदलती माणसं कुणालाच नको असतात. फक्त फळं वाटणारे हात आणि हरकतीच्या अर्जावरचे हात एकाच वस्तीतले असू शकतात, एवढं दिसलं.

मोठ्या माणसांनी मात्र हळूहळू तोंड उघडलं. शरद पवारांच्या तोंडाच्या कॅन्सरवर २००४ च्या निवडणुकीच्या धामधुमीत उपचार झाले, आणि सुपारीची सवय वेळीच सोडायला हवी होती हे ते नंतर जाहीरपणे बोलले. गुटखाबंदी महाराष्ट्रात २०१२ ला आली. पानटपरीवर पुडी अजून मिळते. फेब्रुवारी २०१५ मध्ये आर. आर. पाटील तोंडाच्या कॅन्सरने गेले, तेव्हा बातम्यांत रोगाचं नाव स्पष्ट होतं. सोबत ‘झुंज अपयशी’ हेही होतं. अमेरिकेने १९७१ ला कायदा करून कॅन्सरविरुद्ध लढाई पुकारली, तेव्हापासून ही रणभाषा जगभर फिरतेय. मधुमेहाशी कुणी झुंजत नाही, तो नुसता ‘असतो’.

आत्या १९८७ च्या दिवाळीआधी गेली. वडिलांनी सोलापूरच्या पेपरात द्यायला निधनवार्ता लिहिली, ती मी नेऊन दिली. शाईच्या पेनाने, सुवाच्य अक्षरात: ‘अल्पशा आजाराने दुःखद निधन.’ आजार एकोणीस महिने चालला होता.