३१३ साली युरोप ख्रिस्ती झाला का?

‘रोमन सम्राटाने ३१३ साली हुकूम काढला आणि सगळा युरोप तलवारीच्या धाकाने ख्रिस्ती झाला’ असा मेसेज अधूनमधून फिरत असतो. शाळेत हा भाग दोन ओळींत संपत असल्याने तो पटतोही.

३१३ च्या निर्णयाने फक्त पूजास्वातंत्र्य मिळालं. राजधर्माचा दर्जा आला ३८० साली. तोही साम्राज्यापुरताच. आयर्लंड कधीच रोमच्या ताब्यात नव्हतं, तरी पाचव्या शतकात तिथे धर्मप्रचारक पोहोचले होते. लिथुआनियाचा नंबर लागला थेट १३८७ मध्ये! म्हणजे मध्ये हजारेक वर्षं गेली.

तलवार चाललीच नाही असं मात्र नाही. आजच्या उत्तर जर्मनीतल्या सॅक्सन लोकांवर ७७२ पासून तीसेक वर्षं युद्ध लादलं गेलं, बाप्तिस्मा (ख्रिस्ती धर्माची दीक्षा) नाकारणाऱ्याला देहदंड होता. पण इतरत्र राजाचं लग्न, व्यापार, तडजोड असं बरंच काही होतं. ६०१ सालच्या एका पत्रात पोप इंग्लंडमधल्या प्रचारकांसाठी कळवतो: मूर्ती फोडा, देवळं पाडू नका, पवित्र पाणी शिंपडून तिथेच वेदी उभारा. बळीची गुरं लोकांनी सणाच्या जेवणासाठी कापावीत, हेही त्यात आहे. आइसलँडने इ.स. १००० च्या सुमारास आपल्या लोकांच्या सभेतच धर्म बदलला, आणि जुन्या धर्मातली घोड्याचं मांस खायची मुभा काही काळ राखून ठेवली.

पडताळायचं तर एकेका देशाच्या राजाच्या बाप्तिस्म्याचं साल शोधा. डेन्मार्कमध्ये सापडलेल्या दहाव्या शतकातल्या दगडी साच्याचा फोटोही बघा: क्रूस आणि तिथल्या जुन्या धर्मातल्या थॉर देवाचा हातोडा, दोन्ही एकाच साच्यात ओतले जात. कारागिराकडे गिऱ्हाइकं दोन्हीकडची होती.