बाग-रेल्वेतील घरगुती सुरक्षासाधने

अंगणात वा बागेत उघड्यावर मांडलेल्या छोट्या रेल्वेची गाडी रुळांच्या टोकावरून खाली पडू नये, तारा तापू नयेत, आग लागू नये, यासाठी हौशी मंडळींनी स्वतः जुळवलेली साधने. हा छंद ब्रिटन व जर्मनीत विशेष रुजला आहे.

रुळांमधील अंतर बहुधा 45 मिमी. असते. न्यूरेंबर्गच्या लेमान कंपनीने 1968 मध्ये ‘एलजीबी’ गाडी बाजारात आणली. पुढे या मापाला ‘जी’ म्हणू लागले. हा ‘जी’ कुठला, याविषयी मतभेद आहेत. काही जण तो जर्मन ‘ग्रोस’ म्हणजे ‘मोठा’ यावरून, तर काही ‘गार्टन’ म्हणजे ‘बाग’ यावरून आल्याचे मानतात. एलजीबी हे ‘लेमान ग्रोस बान’चे संक्षिप्त रूप असल्याने पहिले मत अधिक सयुक्तिक वाटते. ब्रिटनमध्ये 32 मिमी. मापही चालते. एका फुटाला 16 मिमी. या प्रमाणात ते दोन फुटी, म्हणजे आपल्या माथेरानच्या गाडीएवढ्या, रुळांची प्रतिकृती ठरते.

एकदिश प्रवाहावरील मार्गात सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे डायोड, म्हणजे प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा विद्युत्‌-घटक. मार्ग संपण्याआधी एका रुळात फट पाडून तीवर डायोड जोडतात. इंजिन फटीपलीकडे गेले की डायोड प्रवाह अडवतो आणि गाडी थांबते. रुळांतील धन-ऋण ध्रुव उलटले की त्याच डायोडमधून प्रवाह मिळून ती मागे येते. फटीपुढचा तुकडा इंजिनाच्या लांबीपेक्षा मोठा हवा, शिवाय प्रवाह तुटल्यावरही गाडी वेगामुळे थोडी पुढे सरकतेच. एक खोच अनेकांच्या ध्यानात येत नाही : दिवे असलेल्या डब्याची पुढची व मागची चाके तारेने जोडलेली असतील, तर तो फटीवर येताच ती फटच सांधतो आणि थांबलेले इंजिन पुन्हा धावते. डिजिटल नियंत्रणात हा उपाय चालत नाही, कारण तिथे रुळांतील ध्रुव सतत पालटत असतात.

शॉर्टसर्किटसाठी 12 व्होल्टच्या पुरवठ्याशी मोटारीच्या इंडिकेटरचा 12 व्होल्ट, 21 वॅटचा बल्ब एकसरीत जोडतात. बल्बमधील तार थंड असताना तिचा रोध एका ओहमच्याही आत असतो, त्यामुळे एरवी तो फारसा आड येत नाही. डबा रुळांवरून उतरून आडवा पडला की बल्ब भगभगीत पेटतो, रोध सातेक ओहमवर जातो आणि प्रवाह 1.75 अँपिअरच्या आसपास रोखला जातो. दुरून दिसणारी खूण ही वरकमाई.

वाफेच्या इंजिनात स्पिरिटची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही. म्हणून पेटवण्याच्या जागी पत्र्याचा ट्रे व ओली वाळू ठेवतात. बॉयलरवरील सुरक्षाझडप मात्र अंदाजाने घडवण्याची वस्तू नव्हे. ब्रिटनमधील हौशी मंडळांत नव्या बॉयलरची कार्यदाबाच्या दुप्पट जलदाबावर चाचणी घेतात.