तीन लिटर पेट्रोलएवढ्या बॅटऱ्या

घरच्या गॅरेजमध्ये गाडी इलेक्ट्रिक करू पाहणाऱ्या अमेरिकेतल्या हौशी मंडळींची जुनी पसंती म्हणजे छोटा पिकअप. शेव्हरोले एस-10, फोर्ड रेंजर, असली गाडी. कारण साधं आहे. जी गाडी अर्धा टन माल वाहायला बनवली आहे, ती अर्धा टन बॅटऱ्याही वाहू शकते.

1990च्या दशकात त्यांची मांडणी जवळपास ठरलेली असे. गोल्फच्या मैदानावरच्या गाड्यांमध्ये असतात तशा 6 व्होल्टच्या 20 लेड-ॲसिड बॅटऱ्या एकापुढे एक जोडायच्या, की झाले 120 व्होल्ट. एक बॅटरी 28 किलोची, म्हणजे सगळ्या मिळून 560 किलो. प्रत्येकीची क्षमता 225 अँपिअर-तास. 120 व्होल्टला 225 ने गुणलं तर 27,000 वॅट-तास, म्हणजे 27 युनिट वीज. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण 9 युनिट ऊर्जा असते. म्हणजे हौदाभर शिसं वाहून हाती लागतं ते तीन लिटर पेट्रोल!

त्यातही 225 हा आकडा बॅटरी 20 तासांत सावकाश रिकामी केली तरचा. 75 अँपिअरने ओढली तर ती दोन तासांच्या आतच संपते आणि जेमतेम 144 अँपिअर-तास देते. आयुष्य टिकवायचं तर तळापर्यंत रिकामीही करायची नाही. पिकअपला किलोमीटरमागे पाव युनिट लागतं असं धरलं, तर पल्ला 50-55 किलोमीटरच्या आसपास येतो. एवढा तरी मिळतो, कारण पेट्रोल इंजिन तीन-चतुर्थांश ऊर्जा उष्णतेत घालवतं आणि मोटर फारच थोडी.

ही मोटर बहुतेक वेळा डीसी सिरीज जातीची. मुंबईच्या जुन्या 1500 व्होल्ट डीसी लोकल अशाच मोटरवर धावत. तिच्यात चुंबकक्षेत्र तयार करणारी गुंडाळी आणि फिरणारी गुंडाळी यांतून एकच प्रवाह जातो, म्हणून गाडी उभी असतानाच सर्वात जास्त जोर मिळतो. पण हाच गुण उलटतोही. मोटरवर भार नसेल, तर वेग वाढतो तसा प्रवाह घटतो, चुंबकक्षेत्र दुबळं होतं आणि वेग आणखी वाढतो. त्याला थांबा नाही. अखेर फिरणारा भाग फुटून उडतो. म्हणून गिअरबॉक्सला न जोडलेली मोटर तपासायची ती 12 व्होल्टच्या एका बॅटरीवर, घट्ट बांधून.

मला या कामातला सर्वात शिकवणारा भाग वाटतो तो इंजिन बाहेर काढल्यानंतरचा. ते चाकं फिरवण्याखेरीज काय काय करत होतं, हे तेव्हा कळतं. ब्रेकचा पेडल हलका लागायचा तो इंजिनच्या निर्वातामुळे. आता त्यासाठी विजेवरचा पंप हवा. हिवाळ्यात केबिन उबदार राहायची ती वाया जाणाऱ्या उष्णतेवर. आता हीटर बसवायचा, तोही बॅटरीतलीच वीज खाणार. दिवे आणि हॉर्नसाठी 12 व्होल्ट देणारा अल्टरनेटरही गेला, म्हणून 120 व्होल्टचे 12 करणारा कन्व्हर्टर लागतो.

आणि डीसीची ठिणगी. घरातला एसी प्रवाह सेकंदाला शंभरदा शून्यावर येतो, त्यामुळे बटण बंद करताना उठलेली ठिणगी विझते. डीसी शून्यावर येतच नाही. ठिणगी पेटलेलीच राहते आणि धातू वितळवते. फ्यूज आणि कॉन्टॅक्टर (मोटरचा प्रवाह जोडणारा-तोडणारा मोठा स्विच) डीसीसाठीच बनवलेले हवेत, यात तडजोड नको. आपल्याकडे असं घरी केलेलं रूपांतर थेट रस्त्यावर आणता येत नाही. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेनं तपासून मान्य केलेलं किट लागतं आणि आरटीओत आरसीवर नोंद करावी लागते. मला हा नियम रास्त वाटतो.

गेल्या काही वर्षांत अपघातात मोडीत निघालेल्या निसान लीफ या इलेक्ट्रिक मोटारीच्या लिथियम बॅटऱ्या या गॅरेजांमध्ये पोहोचल्या. पहिल्या लीफमध्ये 48 मॉड्यूल, म्हणजे सेलचे डबे, होते, एकेक 7.6 व्होल्टचं आणि 3.8 किलोचं. 16 मॉड्यूलची एक रांग, अशा तीन रांगा समांतर जोडल्या, की तेच जवळपास 120 व्होल्ट. नव्या असताना क्षमता 24 युनिट, आणि जोरात ओढलं तरी ती लेड-ॲसिडसारखी घटत नाही. मात्र लिथियमचा एकही सेल जास्त चार्ज होता कामा नये, म्हणून प्रत्येकावर पहारा ठेवणारं सर्किट लागतं. आणि शून्य अंशाखालच्या थंडीत चार्ज केलं तर आत धातूरूप लिथियम साचतं आणि सेल बिघडतो. मॉड्यूलचं एकूण वजन 182 किलो. शिशाच्या तुलनेत पावणेचारशे किलो कमी, आणि तेवढा माल हौद्यात पुन्हा भरता येतो.