गरम गाडी बंद पडते: दोष क्रँक सेन्सरचा की फ्युएल पंपाचा?

मे महिन्यात यवतमाळ-पांढरकवडा रस्त्यावर भर दुपारी पेट्रोल गाडी बंद पडते. अर्धा तास कडुनिंबाखाली उभी केली की सुरू होते, आणि थोडं पुढे गेल्यावर पुन्हा तेच. आपल्याकडे पहिला संशय जातो फ्युएल पंपावर. टाकीतला पंप बदलला जातो, पैसे जातात, गाडी तशीच. कारण क्रँक सेन्सरही (इंजिनाचा मुख्य दांडा फिरतोय का आणि किती वेगाने, हे गाडीच्या कॉम्प्युटरला कळवणारा) अगदी असाच वागतो: गरम झाला की सिग्नल तुटतो, गार झाला की परत येतो.

गाडी बंद कशी पडली ते आधी आठवा. सेन्सर गेला तर कुणी चावी फिरवल्यासारखं इंजिन एकदम बंद होतं. पंप मरत असेल तर बहुधा आधी चढावर पिकअप जातो, गाडी गचके देते, मग थांबते.

बंद पडल्या जागीच, सेल्फ न मारता चावी फक्त ऑन करा. मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद घूंऽऽ असा आवाज आला तर पंप फिरतोय. दाब पुरेसा आहे का, हे मात्र गेज लावल्याशिवाय कळत नाही. आवाजच नसेल तर पंपाआधी फ्यूज आणि रिले बघा.

आता सेल्फ मारा आणि आरपीएमच्या काट्याकडे बघा. काटा जरासाही हलला नाही तर संशय सेन्सरवर. काही गाड्यांत सेल्फच्या वेळी काटा तसाही हलत नाही, तिथे स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून माहिती वाचायचं यंत्र) आरपीएम बघावा. घोळ होतो तो इथेच. क्रँकचा सिग्नल नसला की ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, स्पार्कही देत नाही आणि पंपही चालू ठेवत नाही. मिस्त्री सेल्फ मारून पंपाचा करंट तपासतो, तो मिळत नाही, आणि दोष पंपाच्या माथी बसतो. स्पार्क आहे पण पेट्रोल येत नाही, तेव्हाच पंपाकडे वळावं.

स्कॅनरवर पी०३३५ कोड आला म्हणून लगेच नवा सेन्सर आणू नका. तो कोड एकट्या क्रँक सेन्सरचा नाही, त्याच्या वायर-कनेक्टरसकट सगळ्या सर्किटचा आहे. कापूस आणि धान्य साठवलेल्या घरापाशी गाडी उभी राहत असेल तर बोनेटखाली उंदीर शिरतातच. कनेक्टर काढून बघा: आत हिरवट गंज, नाहीतर कुरतडलेल्या वायरचं उघडं तांबं दिसतं. असा दोष असेल तर वायर नीट जोडून काम भागतं.

दोन वायरींचा सेन्सर असेल तर मीटरवर रेझिस्टन्स बघता येतो, बऱ्याच गाड्यांत तो काहीशे ओहमपासून हजार-दीड हजारापर्यंत असतो. पण गाडी बंद पडलेली असतानाच मोजा. गॅरेजात गार झाल्यावर तोच सेन्सर बरोबर आकडा दाखवतो. तीन वायरींच्या सेन्सरला ही तपासणी लागू नाही, त्याचा सप्लाय आणि सिग्नल बघावा लागतो.

गाडी फक्त रिझर्व्हवर असतानाच बंद पडत असेल तर मात्र पंपावरचा संशय रास्त आहे. टाकीतल्या पेट्रोलनेच पंप गार राहतो, म्हणून विदर्भाच्या उन्हाळ्यात टाकी अर्ध्याच्या वर ठेवलेली बरी.