चॉकलेटमध्ये पाण्याचा थेंब पडला म्हणून फेकू नका
न भाजता करायच्या चॉकलेट पायबद्दल एक गोष्ट वर्षानुवर्षं फिरतेय, की वितळवलेल्या चॉकलेटला पाणी लागलं की ते वाया गेलं, टाकून द्या. अहो नका टाकू, चांगलं 200 ग्रॅम चॉकलेट असतं ते!

होतं काय, चॉकलेट म्हणजे कोको बटरमध्ये, म्हणजे कोकोच्या स्निग्धांशात, साखर नि कोकोचे बारीक कण, त्यात वाफेचा एखादा थेंब पडला की साखर ओली होऊन चिकट होते, कण एकमेकांना धरतात आणि चमच्याला ओल्या मातीसारखा रवाळ गोळा बसतो. पण हे पाणी कमी पडल्यामुळे होतं! गरम क्रीम किंवा साधं गरम पाणी चमचा चमचा घालत ढवळत राहा, आधी आणखी फाटल्यासारखं दिसेल, घाबरू नका, मग एकदम चकचकीत होतं. पायच्या सारणात तसंही क्रीम जातंच की, त्यातही बरंचसं पाणीच असतं. फ्रान्सचे रसायनशास्त्रज्ञ एर्वे तीस तर नुसतं चॉकलेट नि पाणी बर्फावर फेटून मूस, म्हणजे फेसासारखा हलका गोड पदार्थ, करतात.

फक्त वर कडक, कटकन मोडणारा थर द्यायचा असेल तर हे चॉकलेट नाही चालणार, तेवढं नवीन घ्या.